विझणारा जिवाणू की पेटणारा?

पाण्यातलं विष जिवाणूंकडून ओळखायचं ठरवलंत, की आपल्यासारख्या लहान प्रयोगशाळेपुढे दोन वाटा असतात. एक ॲलिव्हिब्रिओ फिशेरी: समुद्रातला, मुळातच उजेड देणारा, विष भिनलं की मंदावतो. दुसरा जनुकं बसवलेला ई. कोलाय: एरवी काळोखात, आर्सेनिक किंवा पारा भेटला की उजळतो. चिपळुणात मी दोन्ही हाताळलेत.

फिशेरी अर्ध्या तासात निकाल देतो, आणि विष कोणतं हे आधी ठाऊक असावं लागत नाही. खाडीत मासे मरून तरंगू लागले की लोक "पाणी खराब झालंय का?" एवढंच विचारतात, त्याचं उत्तर तोच देऊ शकतो. मीठ तर त्याला हवंच. ई. कोलायला मात्र भरतीचं पाणी सोसत नाही.

माझं मन फिरलं ते पावसाळ्यात. फिशेरीची चाचणी १५ अंशांवर करायची असते. जुलैतल्या एका दुपारी लाइट गेली. कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीच्या स्वच्छ पाण्याची नळी आतल्या ओळीत थंड राहिली, पुढच्या नळ्या तापल्या आणि त्यांचा उजेड ढळला. त्यातली एक आमच्या घरच्या विहिरीची होती, जिचं पाणी आम्ही रोज पितो. शिवाय जांभ्याच्या मातीचं लाल पाणी स्वतःच उजेड अडवतं. त्याची दुरुस्ती करता येते, पण दर सरीगणिक रंग बदलला तर किती करणार? विझणं हाच ज्याचा इशारा, तो भलत्या कारणानेही विझतो. असा आकडा घेऊन ग्रामपंचायतीत जायला माझे पाय उचलत नाहीत.

ई. कोलायमध्ये आर्सआर हे प्रथिन उजेडाच्या जनुकांवर बसून असतं. आर्सेनाइट, म्हणजे पाण्यातल्या आर्सेनिकचं एक रूप, चिकटलं की ते सुटतं आणि जिवाणू उजळतो. फोटोऱ्हॅब्डस या दुसऱ्या उजेड देणाऱ्या जिवाणूची जनुकं बसवली असतील तर ३७ अंशांवरही उजेड टिकतो, म्हणजे आपल्या हवेची धास्ती नाही. वेळ जास्त लागतो, तास-दोन तास. क्लोरीनच्या पाण्यात तो मरतो आणि काळोखाला आपण 'शुद्ध' समजून बसू शकतो. म्हणून एका नळीत मी मुद्दाम लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेइतकं आर्सेनिक घालतो. ती पेटली नाही, तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द.

जनुकं बदललेल्या जिवाणूंसाठीच्या १९८९च्या नियमांखालची जैवसुरक्षा समिती, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जंतू मारायचं यंत्र), बाहेर थेंबही न सांडणं, हा ई. कोलायचा व्याप आहेच. तुमचं काम फक्त खाडीचं असेल तर कदाचित फिशेरीच बरा. विहिरी तपासायच्या असतील, तर मी ई. कोलायची नळी आधी उचलेन.