नाक धुवायची बॉटल, नेतीपात्र की मशीन: वाळवायला आणि ठेवायला काय सोपं?

मिठाच्या पाण्याने नाक धुवायला काहीतरी घ्यायचं ठरलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो की धार कशाची चांगली लागते, बॉटल घेऊ की नेतीपात्र, म्हणजे नाकात पाणी सोडायचं चोचीचं भांडं. माझ्या मते त्याच्या आधी दुसरंच विचारायला हवं, ही वस्तू माझ्या घरात, माझ्या हवेत, पुढच्या वेळेपर्यंत आतून पूर्ण कोरडी होणार आहे का? धार थोडी कमीजास्त असली तरी काम भागतं, पण आतून कायम ओलं राहणारं भांडं रोज नाकाला लावणं म्हणजे ज्यासाठी नाक धुतोय त्याच्या बरोबर उलटं करणं झालं.

कारण साधं आहे. नाकातून थोडा चिकट स्राव भांड्यापर्यंत येतोच, त्यात ओलावा मिळाला की बॅक्टेरिया आतल्या भिंतीला चिकटून बसतात आणि हळूहळू बुळबुळीत थर धरतात. हा थर एकदा बसला की नुसतं पाणी फिरवून निघत नाही, घासावाच लागतो. सायनसच्या ऑपरेशननंतर पेशंट वापरत असलेल्या बॉटल तपासल्यावर त्यांच्यात बॅक्टेरिया सापडल्याचे अभ्यास झालेले आहेत, स्युडोमोनास आणि स्टॅफिलोकोकस ही त्यातली नेहमीची नावं. स्युडोमोनासला ओलं लागतं, कोरडं त्याला मानवत नाही, म्हणून वाळवणं हा स्वच्छतेचा अर्धा भाग आहे असं मी धरते.

उरलेला अर्धा भाग पाणी. इथं कुठलीच तडजोड नको. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नेती करणाऱ्या, म्हणजे नाक धुणाऱ्या, २ जणांचा नेग्लेरिया फाउलेरी नावाच्या अमिबामुळे मृत्यू झाला होता. तेच पाणी प्यायलं तर हा अमिबा काही करत नाही, पण नाकातून वर गेला तर मेंदूपर्यंत पोचू शकतो. असं होणं फारच दुर्मिळ आहे हे खरं, पण टाळणं इतकं सोपं आहे की धोका घ्यायचा कशाला? डिस्टिल्ड पाणी घ्या, नाहीतर पाणी खळखळून उकळायला लागल्यावर पूर्ण १ मिनिट उकळू द्या (साधारण २००० मीटरच्या वर राहत असाल तर ३ मिनिटं) आणि कोमट होईपर्यंत झाकून ठेवा. उकळलेलं पाणी स्वच्छ बंद भांड्यात ठेवलं तर २४ तासांत वापरून टाकायचं. आणि हो, भांडं साबणाने धुतल्यावर शेवटचं खळबळणं पण याच पाण्याने करायचं, हे बरेच जण विसरतात, सगळं नीट उकळून घेतात आणि शेवटी नळाखाली धरतात.

आता एकेक वस्तू बघू.

स्क्वीझ बॉटल सगळ्यात जास्त खपते, साधारण २४० मिलीची असते, दाबली की धार येते, शिकायला सोपी. पण वाळवायच्या दृष्टीने तिचे तीन भाग मोजायचे, बॉटल, टोपण आणि आतली नळी. बॉटलचं तोंड बऱ्यापैकी रुंद असतं त्यामुळे ती वाळते, टोपणही वाळतं, नळी मात्र हट्टी. बारीक नळीत पाण्याचा थेंब धरून राहतो आणि टोपणाला लावून ठेवली तर दुसऱ्या दिवशीही तिथंच दिसतो. म्हणून प्रत्येक वेळी नळी टोपणातून काढायची, जोरात झटकायची आणि उभी टेकवून ठेवायची. अजून एक गोष्ट, बॉटल दाबून झाल्यावर नाकाला लावलेली असतानाच सोडली तर ती हवेबरोबर नाकातलं पाणी आत ओढून घेते, म्हणून दाब तसाच ठेवून आधी नाकापासून बाजूला करायची आणि मग सोडायची. एवढी एक सवय लावली तरी आत जाणारी घाण खूप कमी होते.

स्टीलचं नेतीपात्र मला वैयक्तिक सगळ्यात आवडतं, कारण तोंड उघडं, आत बोट जातं, घासता येतं आणि सरळ पातेल्यात टाकून उकळता येतं. तापलेलं स्टील बाहेर काढून उलटं केलं की स्वतःच्याच उष्णतेने पटकन वाळतं. अडचण फक्त चोचीची, ती अरुंद असते आणि आत दिसत नाही, त्यासाठी बाटल्या घासायचा बारीक ब्रश वेगळा ठेवायचा. मिठाचं पाणी मात्र स्टीलमध्ये तासन्‌तास ठेवू नका, चांगल्या स्टीललाही मिठाने बारीक खड्डे पडू शकतात आणि मग त्या खड्ड्यांत घाण बसते.

चिनीमातीचं दिसायला सुंदर, आतून गुळगुळीत असेल तर साफही छान होतं. पण झिलईला केसासारख्या बारीक भेगा गेल्या की संपलं, ओलावा तिथं मुरतो. उकळतं पाणी एकदम ओतलं तर तडकण्याची भीती, हातातून पडलं तर विषयच नाही. तांब्याचं मी घ्यायला सांगणार नाही, मिठाच्या पाण्याने तांबं हिरवं पडतं आणि ते हिरवं नाकात जायला नको. प्लास्टिकचं नेतीपात्र हलकं, पारदर्शक असेल तर आत काय राहिलंय ते दिसतं हा मोठा फायदा, पण ओरखडे लवकर पडतात.

रबरी बल्ब, म्हणजे तो दाबायचा फुगा. स्पष्टच सांगते, तो उघडत नाही, आत दिसत नाही, ब्रश जात नाही, वाळतही नाही. दोन भागांत उघडणारा मिळाला तर वेगळी गोष्ट, नाहीतर सोडून द्या. त्यापेक्षा सुई नसलेली मोठी सिरिंज बरी, दट्ट्या बाहेर काढला की दोन्ही भाग मोकळे होतात आणि चटकन वाळतात, फक्त पाणी कमी मावतं म्हणून परत परत भरावी लागते.

बॅटरीवर किंवा विजेवर चालणारं मशीन धारेच्या बाबतीत सगळ्यात आरामाचं, हात दुखणाऱ्यांना तर फारच. पण आत पंप आणि नळ्या असतात ज्या तुम्ही उघडू शकत नाही. वापरून झाल्यावर डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी भरून ते पूर्ण बाहेर पडेपर्यंत चालवायचं, मग टाकी, नोझल जे जे सुटं होतं ते सुटं करून ठेवायचं. तरी आतला भाग पूर्ण कोरडा झाला की नाही ते तुम्हाला कधीच कळणार नाही. रोज न चुकता वापरणार असाल आणि सोबतच्या पुस्तिकेत सांगितलंय तसं साफ करणार असाल तरच घ्या, अधूनमधून सर्दी झाली की काढायचं आणि बाकी वेळ कपाटात असा विचार असेल तर नको.

वाळवायच्या पद्धतींत पण फरक आहेच. सगळे करतात ते म्हणजे भांडं ओट्यावर पालथं घालणं, आणि नेमकं तिथंच बिघडतं, तोंड सपाट पृष्ठभागाला चिकटतं, हवा आत जात नाही, आतली वाफ आतच. पालथं घालायचंच तर जाळीच्या स्टँडवर किंवा थोडं तिरकं, खालून हवा खेळली पाहिजे. पाणी निथळून गेल्यावर मी तर सरळ करून उघडंच ठेवते. घाई असेल तर आतून पेपर टॉवेलने पुसा, एकदा वापरून फेकायचा म्हणून तो चांगला. भांडी पुसायचं फडकं मात्र नको, ते दिवसभर सगळीकडे फिरलेलं असतं.

हेअर ड्रायरने लवकर वाळतं असं बरेच जण म्हणतात, वाळतं खरं, पण खोलीतली धूळ आत फुंकली जाते आणि मऊ प्लास्टिक गरम हवेने वाकडं होतं, त्यामुळे मला तो पटत नाही. उन्हात ठेवणं वाळवायला उत्तम आहे, पण ऊन लागलं म्हणजे जंतू मेले असं धरू नका, बॉटलच्या आतपर्यंत आणि नळीत ते तेवढं पोचत नाही, शिवाय रोजच्या कडक उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं.

मायक्रोवेव्ह चालतो का? काही बॉटल चालतात, काही नाही, सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं आणि किती सेकंद तेही, त्यापलीकडे प्रयोग नको. आधी धुवायचं, मग ठेवायचं, घाण तशीच असताना तापवून उपयोग नाही. स्टील आणि तांबं अर्थातच मायक्रोवेव्हमध्ये नाही. लहान बाळाच्या बाटल्यांचा वाफेचा स्टरिलायझर घरात असेल आणि बॉटल ती उष्णता सोसणारी असेल तर तोही चांगला पर्याय आहे, पण झाकण उघडून सगळं पूर्ण वाळू द्यायचं, वाफेचं पाणी आत साचतं ते तसंच ठेवलं तर काय फायदा. डिशवॉशर वापरायचा तर वरच्या रॅकवर, तेही बनवणाऱ्याने चालतं असं लिहिलं असेल तर. आणि साध्या मऊ बॉटलमध्ये उकळतं पाणी ओतू नका, आकार बिघडतो, टोपण नीट बसत नाही.

पाणी जड असेल तर आत पांढरा थर येतो, त्यासाठी पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून थोडा वेळ भरून ठेवायचं आणि नंतर भरपूर खळबळायचं. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो.

ठेवायचं कुठं, यावर खूप कमी बोललं जातं. बाथरूममधला शेल्फ सोयीचा वाटतो कारण तिथंच नाक धुतो, पण तिथं आंघोळीची वाफ असते, हवा कोंडलेली असते आणि कमोड फ्लश केला की बारीक तुषार उडतात. म्हणून बाथरूम शेवटचा पर्याय. स्वयंपाकघर ठीक, पण सिंकच्या शेजारी नको, भांडी घासताना शिंतोडे उडतात. बेडरूममधला उघडा, थोडा उंच, हवेशीर शेल्फ मला सगळ्यात बरा वाटतो, वर फक्त जाळी किंवा सैल पातळ कापड, ते पण भांडं पूर्ण वाळल्यावर. झाकणाचा डबा किंवा झिप लॉक पिशवी दिसायला नीटनेटकी असते पण ओलं भांडं त्यात गेलं की ओलावा आत कोंडतो, त्यापेक्षा उघड्यावर थोडी धूळ परवडली, वापरायच्या आधी उकळून गार केलेल्या पाण्याने खळबळलं की झालं. मिठाची पुडी किंवा डबी मात्र उलट, ती घट्ट बंद आणि कोरड्या जागी, चमचाही कोरडाच.

मग घ्यायचं काय? दिवसातून एकदाच नाक धुणार असाल आणि हवा कोरडी असेल तर स्क्वीझ बॉटल बिनधास्त घ्या, वाळायला वेळ मिळतो. दिवसातून दोनदा धुवायचं असेल किंवा हवा दमट असेल तर एक बॉटल पुरत नाही, दोन घ्या आणि आलटून पालटून वापरा, एक वाळतेय तोवर दुसरी, हा खर्च मला कुठल्याही महागड्या मशीनपेक्षा जास्त पटतो. झुकून नेती करायला जमत असेल तर एकच स्टीलचं पात्र वर्षानुवर्षं पुरेल, कारण ते उकळता येतं. ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे, किंवा नुकतंच सायनसचं ऑपरेशन झालंय, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं आणि उघडून आतपर्यंत घासता येईल अशीच वस्तू घ्यावी. काही अमिबा, जसे की अकांथअमिबा, कोरड्यातही कवच करून टिकतात, त्यामुळे अशा लोकांनी नुसत्या वाळवण्यावर विसंबू नये, पाणी तेवढंच काटेकोर हवं. घरातल्या प्रत्येकाची वस्तू वेगळी, टोपणावर नाव किंवा रंगीत रबरबँड लावून टाका म्हणजे गोंधळ नाही.

प्रवासात बॉटल ओलीच बॅगेत टाकावी लागते, तेव्हा आतून पेपर टॉवेलने पुसून, भाग सुटे करून जाळीच्या किंवा सुती पिशवीत ठेवा आणि पोचल्यावर पहिल्यांदा बाहेर काढा.

प्लास्टिकची बॉटल कायमची नसते. बरेच बनवणारे साधारण ३ महिन्यांनी बदला असं सांगतात, पण तारखेची वाट बघू नका, आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं, ढगाळ दिसायला लागली, धुतल्यावरही वास राहिला किंवा नळीत काळे ठिपके दिसले तर त्याच दिवशी टाकून नवीन घ्या.