दम्यासाठी फवाऱ्याचा पंप घ्यावा की रोटाहेलर?

डॉक्टर विचारतात, "पंप लिहू की रोटाहेलर?" आणि आपण फक्त किंमत विचारतो. आम्हीही तेच केलं होतं. चेंबूरला माझ्या आईला वीस वर्षं दमा आहे आणि तिने दोन्ही वापरलेत.

पंपात औषध बाहेर ढकलायला दाबाखाली वायू भरलेला असतो. पूर्वी तो सीएफसी होता. त्याने ओझोनचा थर विरतो म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. त्याच्या जागी आलेला एचएफए-134ए ओझोनला धक्का लावत नाही, पण शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 1,300 ते 1,500 पट हवा तापवतो. म्हणजे डब्यातले 10 ग्रॅम उडाले तरी 13 किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं! रोटाहेलरमध्ये वायूच नाही, कॅप्सूलमधली पावडर आपल्याच श्वासाने ओढायची. प्लास्टिक दोन्हींत आहे, तरी पावडरचा हवामानावरचा भार खूपच कमी.

म्हणून सगळ्यांनी पावडरच घ्यावी असं नाही. ती जोरात, खोल ओढावी लागते. लहान मुलांना ते जमत नाही, त्यांना पंप आणि स्पेसरच (पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं) हवा. फार थकलेल्या वृद्धांचंही तसंच. मोठा अटॅक आला तर पंप, स्पेसर आणि ताबडतोब दवाखाना. त्या वेळी हवामानाचा विचार मनातही आणू नका.

मुंबईत पावडरचा खरा शत्रू म्हणजे पावसाळा. एका जुलैत आईने बाटलीतून कॅप्सूल काढली, तर ती मऊ पडलेली आणि आत पावडरीचा गोळा. झाकण नीट लागलं नव्हतं. तेव्हापासून बाटली कपाटात घट्ट बंद असते, कॅप्सूल ऐन वेळी कोरड्या हाताने काढायची आणि रोटाहेलरमध्ये फुंकर मारायची नाही, कारण तोंडातली वाफ लागते. पारदर्शक असल्याने पावडर उरली की दिसते, मग पुन्हा ओढायची.

पंपाचा त्रास वेगळा. बऱ्याच पंपांवर उरलेल्या डोसचा आकडा नसतो. डबा पाण्यात तरंगवून पाहणं बेभरवशाचं आहे, त्यामुळे रोजचा हिशेब लिहून ठेवा. संपलेला डबा जाळू किंवा भोसकू नका.

मला यापेक्षाही मोठी वाटते ती एक गोष्ट. धाप लागली की मारायचे 200 डोसचे तीन पंप वर्षात संपत असतील, तर दमा आटोक्यात नाही असं समजा. रोजचं स्टिरॉइडचं औषध चुकतंय किंवा ओढण्याची पद्धत चुकतेय. तेवढं सुधारलं तरी जीवही वाचतो आणि वायूही. औषध मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका. डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा आणि "मला पावडर जमेल का?" असं स्पष्ट विचारा.

आई आता रोज सकाळ-संध्याकाळ पावडर घेते, मग चूळ भरते. पंप आणि स्पेसर दाराजवळच्या पिशवीत असतात.