जुन्या रेडिओ थ्रिलरमधले कॉमेडियन: जॅक बेनी, डॅनी के, की मॅगी-मॉली? आधी कोणाला ऐकायचं

अमेरिकेत सीबीएस रेडिओवर 'सस्पेन्स' नावाची थरार मालिका १९४२ ते १९६२ अशी २० वर्षं चालली, बहुतेक भाग अर्ध्या तासाचे, त्यातले ९०० च्या वर आज रेकॉर्डिंगमध्ये शिल्लक आहेत आणि इंटरनेट आर्काइव्हवर फुकट ऐकता येतात. म्हणजे प्रश्न मिळण्याचा नाहीये, सुरुवात कुठून करायची हा आहे. आणि या सगळ्या ढिगात एक कोपरा असा आहे जो मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त आवडतो, तो म्हणजे जे लोक आठवडाभर दुसऱ्या कार्यक्रमात देशाला हसवत होते त्यांनाच इथे आणून खुनी, चोर नाहीतर जिवावर बेतलेला माणूस बनवायचं. एकट्या १९४९ मध्येच बघा ना, जानेवारीत डॅनी के, फेब्रुवारीत 'फिबर मॅगी अँड मॉली' या कॉमेडी शोवाली जोडी, मे महिन्यात बॉब होप, नोव्हेंबरमध्ये रेड स्केल्टन आणि लगेच दोन आठवड्यांनी ल्युसिल बॉल आणि डेझी अर्नाझ नवराबायको. स्पॉन्सर होती ऑटोलाइट, गाडीच्या बॅटऱ्या आणि स्पार्क प्लग विकणारी कंपनी, तिला मोठी नावं हवी होतीच.

आता तुलना करायच्या आधी एक गोष्ट सांगतो, ती कळली की कोण जमलं आणि कोण नाही हे आपोआप कळतं. रेडिओवरचा कॉमेडी शो स्टुडिओत बसलेल्या प्रेक्षकांसमोर व्हायचा, कॉमेडियन वाक्य टाकणार, हशा येणार, हशा उतरायला लागला की नेमक्या क्षणी पुढचं वाक्य. वर्षानुवर्षं त्या हशाच्या आधारावर बोलायची सवय झालेली. सस्पेन्समध्ये तो हशाच नाही. वाक्य टाकलं की पुढे शांतता, नाहीतर ऑर्केस्ट्रा. ज्याला त्या शांततेचं काहीतरी करता आलं तो तरला.

जॅक बेनीपासून सुरू करू कारण त्याचं नाव सगळ्यात मोठं. त्याचा शो १९३२ पासूनचा, त्यात त्याने स्वतःचं एक सोंग उभं केलेलं, कंजूष, थोडा भित्रा, व्हायोलिन वाईट वाजवणारा, वय कायम ३९. त्याचं खरं हत्यार म्हणजे गप्प बसणं. १९४८ मधला तो प्रसिद्ध प्रसंग, चोर विचारतो पैसे की जीव, आणि हा काहीच बोलत नाही, नुसता थांबतो, लोक हसतात, चोर वैतागून पुन्हा विचारतो तर म्हणतो विचार करतोय ना! रेडिओवर गप्प बसून हशा मिळवणं ही साधी गोष्ट नाही. सस्पेन्समध्ये लेखकांनी हेच उचललं, फक्त हशा काढून घेतला, आणि तोच थांबणारा माणूस एकदम घाबरलेला, अडकलेला वाटायला लागतो. १९५१ च्या 'मर्डर इन जी-फ्लॅट'मध्ये तो पियानो ट्यूनर आहे आणि भलत्याच पैशांच्या भानगडीत सापडतो. १९५४ चा 'द फेस इज फॅमिलियर' तर मुळात आयडियाच भारी, ज्याचा चेहरा कोणाच्याच लक्षात राहत नाही असा माणूस, आणि तो रोल कोणाला दिला तर ज्याचा आवाज अख्ख्या अमेरिकेला झोपेत ओळखता येईल त्याला. रेडिओवर चेहरा दिसतच नाही म्हणून हे चालून जातं, पडद्यावर नसतं चाललं.

पण खरं सांगायचं तर बेनीचे भाग ऐकून भीती वाटत नाही. गंमत वाटते, थोडी दया येते. 'अ गुड अँड फेथफुल सर्व्हंट' (१९५२) त्यातल्या त्यात गंभीर, वर्षानुवर्षं इमानेइतबारे नोकरी केलेल्या बँकेतल्या म्हाताऱ्या कर्मचाऱ्याची गोष्ट. ज्यांच्या घरात कोणी बँकेतून रिटायर झालंय त्यांना ती जास्त लागेल.

याच्या बरोबर उलट डॅनी के. त्याची ख्याती कशाची, तर तोंडाचा पट्टा, एका दमात पन्नास नावं म्हणणारी गाणी, चित्रविचित्र उच्चार. 'द टू-परफेक्ट अ‍ॅलिबाय' (१३ जानेवारी १९४९) मध्ये यातलं काही म्हणजे काही नाही. माणूस सावकाश बोलतो, हळू बोलतो, सभ्य वाटतो, आणि प्रेमातल्या प्रतिस्पर्ध्याला मारायचा प्लॅन असा आखतो की खुनाच्या वेळी आपण दुसरीकडेच होतो हे पक्कं सिद्ध व्हावं. पुढे काय होतं ते सांगणार नाही, नावातच अर्धं आलंय, तरी शेवट बसतो तो बसतोच. इथे कॉमेडियनचं सोंग वापरलेलंच नाही, सरळ पुसून टाकलंय. तुम्हाला डॅनी के कोण हे माहीत नसलं तरी हा भाग तेवढाच चालतो, आणि माहीत असेल तर पहिली पाच मिनिटं तुम्ही वाट बघत राहता की आता हा काहीतरी वात्रटपणा करेल, तो करत नाही, आणि त्या वाट बघण्यानेच जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

आणि मग जिम आणि मॅरियन जॉर्डन. हे खरे नवराबायको, १९३५ पासून फिबर मॅगी आणि मॉली म्हणून घराघरात पोचलेले, ते कपाट उघडलं की आतलं सगळं सामान धडाधड अंगावर पडतं तो आवाज म्हणजे त्यांची सही. 'बॅकसीट ड्रायव्हर' (३ फेब्रुवारी १९४९) मध्ये एक मध्यमवयीन जोडपं रात्री गाडीतून निघालंय आणि मागच्या सीटवर पळालेला खुनी लपलाय. बस एवढंच. गाडी, तिघं जण, इंजिनाचा आवाज. जॉर्डन जोडीने यात वेगळं असं काय केलं तर जवळजवळ काहीच नाही, तीच एकमेकांना टोकायची सवय, तोच अनेक वर्षं संसार केलेल्या माणसांचा सूर, फक्त आता तिसरा माणूस पिस्तूल घेऊन ऐकतोय. म्हणून ते इतकं खरं वाटतं. बायकोने नवऱ्याला कुठे वळायचं ते सांगणं यात एरवी विनोद असतो, इथे चुकीच्या वेळी बोलली तर जीव जाईल. माझ्या मते या सगळ्या यादीतला हा सगळ्यात चांगला भाग, आणि सीबीएसने तो १९५१ मध्ये पुन्हा केला म्हणजे तेव्हाही लोकांना आवडला असणार.

एक मजा लक्षात ठेवा, ऑटोलाइटच्या काळात सस्पेन्सच्या जाहिराती करणारा हार्लो विलकॉक्स हाच फिबर मॅगीचाही अनाउन्सर. त्यामुळे त्या काळच्या श्रोत्याला 'बॅकसीट ड्रायव्हर' लावल्यावर नेहमीची जोडी आणि नेहमीचाच जाहिरातवाला ऐकू आला असेल, आणि मधेच खुनी.

ल्युसिल बॉलचं प्रकरण जरा वेगळं आहे आणि इथे बऱ्याच जणांचा घोळ होतो. आज आपण तिचा टीव्हीवरचा गाजलेला कॉमेडी शो 'आय लव्ह ल्युसी' डोक्यात ठेवून ऐकतो आणि म्हणतो अरे वा कॉमेडियन असून किती गंभीर. पण तो शो सुरू झाला ऑक्टोबर १९५१ मध्ये, आणि 'डाइम अ डान्स' आहे जानेवारी १९४४ चा. तेव्हा ती सिनेमातली नटी होती, बाकी काही नाही. १० सेंटला एक नाच अशा हॉलमध्ये नाचणारी मुलगी, अशाच मुलींना मारणारा खुनी, आणि तो प्रत्येक वेळी एकच जुनं गाणं वाजवायला लावतो. कॉर्नेल वूलरिचची कथा, ती ल्युसीने जीव तोडून केलीय, आवाजात थकवा आहे, टोचरेपणा आहे. म्हणून हा भाग 'कॉमेडियनने गंभीर काम केलं' या खात्यात टाकू नका, नुसता चांगला थ्रिलर म्हणून ऐका. रेकॉर्डिंग जुनं आहे, नंतरच्या भागांइतक्या साफ आवाजाची अपेक्षा ठेवू नका, आणि तेव्हा स्पॉन्सर वेगळा होता, म्हणून जाहिरात रोमा वाइनची आहे.

बाकीचे पटकन. मिल्टन बर्लचा 'रेव्ह नोटिस' (१९५०) चालतो कारण रोलच भडक नटाचा आहे, खून करून वेड्याचं नाटक करणारा, त्यामुळे बर्लने ओव्हरअ‍ॅक्टिंग केली तरी ती पात्राच्या खात्यात जमा होते, लेखकाने शहाणपणा केला. रेड स्केल्टनला कोण्या इझाबेलसाठी चुकीचे फोन येत राहतात, सुरुवात छान, मग जरा लांबतं. बॉब होपचा 'डेथ हॅज अ शॅडो' मला नाही पटला, आवाज शेवटपर्यंत होपचाच राहतो, पुढच्या वाक्याला जोक येणार असंच वाटत राहतं. फिल हॅरिस आणि अ‍ॅलिस फे यांचा 'डेथ ऑन माय हँड्स' (१९५१) मात्र सोडू नका, छोट्या गावात आलेला बँडलीडर, त्याच्या हॉटेलच्या खोलीत गोळी लागून मेलेली मुलगी आणि खाली जमत चाललेला जमाव. तेव्हा सस्पेन्स मालिका सांभाळणारा निर्माता-दिग्दर्शक इलियट लुइस हा स्वतः हॅरिसच्या कॉमेडी शोमध्ये रेमली नावाच्या वाह्यात गिटारवाल्याचं काम करायचा, त्यामुळे हॅरिसकडून काय निघेल हे त्याला इतर कोणापेक्षा जास्त माहीत होतं.

तर मग ठरवायचं कसं. या कलाकारांपैकी कोणीच माहीत नसेल तर डॅनी के किंवा 'डाइम अ डान्स', कारण दोन्हीला मागची काही माहिती लागत नाही. गाडीत ऐकायचं असेल तर 'बॅकसीट ड्रायव्हर', फक्त रात्री एकटे असाल तर निघायच्या आधी मागची सीट बघून घ्या. आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकून ज्यांचा कान तयार झालाय, नुसत्या आवाजातला फरक ज्यांना कळतो, त्यांनी बेनी घ्यावा, पण त्याआधी त्याच्या मूळ कॉमेडी शोचे दोन-तीन भाग ऐकून घ्या, नाहीतर तो का थांबतोय हेच कळणार नाही आणि तुम्ही फोनचं नेटवर्क गेलं का ते बघत बसाल. आणि बेनी ऐकताना १९५३ चा 'प्लॅन एक्स' समोर आला, ज्यात तो चक्क मंगळावरचा रहिवासी आहे, तर तो थ्रिलर समजून लावू नका, ती उघड मस्करी आहे, चांगली आहे, पण वरचे चार-पाच झाल्यावरच ऐका.