नव्या नेक्सॉनचं सिरॅमिक कोटिंग, कोथरूडच्या डिटेलिंगवाल्यांचा अनुभव

नवीन गाडीला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवायचा पातळ संरक्षक थर, करायचं असेल तर बाटलीवरचं नाव नंतर बघा, आधी विचारा की कोटिंग लावायच्या अगोदर गाडीचं काय काय करणार. सगळा खेळ तिथेच आहे.

शोरूमवाले बुकिंगपासूनच टेफ्लॉन, अँटी रस्ट, इंटिरियर प्रोटेक्शन असं पॅकेज गळ्यात मारत होते, मी ठाम नाही म्हटलं. डिलिव्हरीला गाडी चकाचक होती, पण कोथरूडला कोटिंगसाठी नेली तेव्हा तिथल्या डिटेलिंगवाल्या दादांनी बॉनेटवर एलईडी टॉर्च तिरका धरला आणि अक्षरशः पोटात गोळा आला, काळ्या रंगावर सगळीकडे गोल गोल बारीक चरे! धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली की असंच होतं म्हणाले. याच्यावरच कोटिंग चढवलं असतं तर ते चरे आत तसेच राहिले असते.

मग फोम, शॅम्पू आणि लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे, नव्याकोऱ्या अलॉय चाकांवरून जांभळे ओघळ यायला लागले. त्यानंतर दादा म्हणाले ताई, हाताला प्लास्टिकची पिशवी घाला आणि बॉनेटवरून बोटं फिरवा. खरखर लागली. क्ले, म्हणजे रंगावर चिकटलेले कण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, फिरवून झाल्यावर परत फिरवली तर एकदम गुळगुळीत, काच जशी. पॉलिश मात्र एकदाच आणि हलकं, कारण क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, असतो जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, उगाच घासून तो कमी कशाला करायचा. मला हे फार पटलं.

कोटिंग एकेका पॅनलवर लावत होते, त्यावर तेलासारखे इंद्रधनुषी रंग दिसायला लागले की मायक्रोफायबरने पुसायचं, उशीर झाला तर डाग बसतो म्हणे. आणि कोटिंगच्या जाहिरातीत 9एच लिहितात म्हणजे ओरखडा पडणारच नाही असं अजिबात नाही, ते पेन्सिलच्या टोकाच्या कडकपणाचं माप आहे, कोटिंगचा थर असतो साधारण मायक्रॉनभर. खडी उडाली तर टवका उडणारच. त्याच्यासाठी पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), ती रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म साधारण 200 मायक्रॉन जाड असते. पूर्ण गाडीला करायचं तर बजेटच्या बाहेर, त्यांनीच सांगितलं की पुढचा बंपर आणि दरवाज्याच्या हँडलमागची वाटी एवढंच करा, नखांचे ओरखडे तिथेच पडतात. जास्त पैसे घेता आले असते, घेतले नाहीत, म्हणून तर एवढं लिहितेय.

आतलं कामही नीट केलं. बाबांना सीटवरचं प्लास्टिक ठेवायचं होतं, पण आत दमटपणा अडकून वास येतो म्हणून काढायला लावलं. सीट कव्हर घालणार असाल तर साइड एअरबॅगची बाजू मोकळी उघडेल असंच घ्या, एअरबॅग सीटच्या कडेतच असते, घट्ट कव्हर घातलं तर ती उघडताना अडते. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश नको, उन्हात पुढच्या काचेवर प्रतिबिंब पडून त्रास होतो, मॅट फिनिशचं यूव्ही प्रोटेक्टंट लावलंय.

नंतरची काळजी म्हणजे पहिला आठवडा शॅम्पू नाही, आणि सोसायटीत एका बादलीत दहा गाड्या पुसतात तो प्रकार कायमचा बंद. बोअरचं पाणी गाडीवर वाळू द्यायचं नाही, कोटिंग असलं तरी क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि मग निघता निघत नाहीत. पक्ष्यांची घाण दिसली की लगेच पाणी मारून भिजवायची, कोरडी खरवडायची नाही. पूजेचं हळदकुंकू पण तसंच, भिजवून काढा.

एकच गोष्ट खटकली, पुढच्या काचेच्या कोटिंगचे पैसे वेगळे आहेत हे बिल करताना कळलं. काम छान झालंय, पावसात वायपर कमी लागतो, पण कोटेशन घेताना काच, अलॉय आणि पुढचा मेंटेनन्स वॉश धरलाय का ते तेवढं लिहून घ्या.