लंडनच्या एका ओळीत अडकलेले 21 लाख

द्राक्ष निर्यातीत नव्याने उतरणाऱ्यांनी करारावर सही करण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहितोय.

2023 च्या हंगामात पिंपळगावच्या आमच्या पॅकहाऊसमधून थॉमसन द्राक्षांचे दोन रीफर (शीत) कंटेनर न्हावा शेवा बंदरातून रॉटरडॅमला गेले. अर्धे पैसे आगाऊ आले होते, उरलेले 21 लाख माल पोचल्यावर मिळायचे होते. माल पोचून 24 दिवस झाल्यावर खरेदीदाराचा मेल आला: द्राक्षं सडली, बाकी मिळणार नाही. सोबत पाच फोटो. एकाही फोटोत पेटीचं लेबल नव्हतं. झाकणाची नेमकी तीच कड कापलेली. माल तपासणाऱ्या सर्वेअरचा रिपोर्ट मागितला, तो शेवटपर्यंत आला नाही. आमच्या डेटा लॉगरवर मात्र सगळ्या प्रवासात तापमान शून्य ते एक अंश.

पुरावा हातात होता, म्हणून मी निर्धास्त होतो. वकिलांनी करार उघडून शेवटच्या पानावर बोट ठेवलं. वाद झाल्यास आर्बिट्रेशन, म्हणजे कोर्टाऐवजी लवादाकडून निवाडा, लंडनमध्ये, तीन आर्बिट्रेटर (लवाद). सही करताना मी दर, पेटीचं वजन, पैशांच्या तारखा तपासल्या होत्या. ही ओळ नाही. तिघांची फी आणि तिकडचा वकील धरला तर खर्च येणे रकमेच्या वर जात होता. नाशिकच्या कोर्टात जावं, तर 1996 च्या आर्बिट्रेशन कायद्याचं कलम 45 आडवं येतं: समोरच्याने मागणी केली की कोर्ट आर्बिट्रेशनकडेच पाठवतं. ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात पैसे बुडण्याविरुद्धचा विमा होता, पण खरेदीदाराने दर्जाचा वाद काढला की तो निकाली निघेपर्यंत दावा अडकतो. सडक्या मालाचं निमित्त त्याने उगाच काढलं नव्हतं, असं माझं ठाम मत आहे.

बागायतदारांचे पैसे मी चुकते केले. दोन हंगाम लागले.

आर्बिट्रेशनला घाबरू नका. नाशिकच्या कोर्टाचा हुकूमनामा नेदरलँड्समध्ये थेट बजावता येत नाही. मुंबईतला आर्बिट्रेशनचा निवाडा मात्र 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे तिथल्या कोर्टामार्फत वसूल करता येतो. आता आमच्या करारात एकच आर्बिट्रेटर, ठिकाण मुंबई आणि संस्थेचं नाव स्पष्ट असतं: मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशन. सुनावणी व्हिडिओवर. दर्जाची तक्रार माल उतरल्यापासून 48 तासांत, स्वतंत्र सर्वेअरच्या रिपोर्टसह. नाहीतर पूर्ण पैसे. मुंबई नको म्हणणाऱ्या दोघांसाठी सिंगापूर मान्य केलं. तिसरा लंडन आणि तिघांवरच अडून बसला. त्याची ऑर्डर घेतली नाही.