बँकेच्या मतदार यादीवरची हरकत: दहा दिवसांच्या सोयीतून पदरात काय पडतं?

सहकारी बँकेच्या सभासदाला निवडणुकीत मिळणाऱ्या सोयींपैकी प्रारूप (प्राथमिक) मतदार यादीवर हरकत घेण्याची सोय सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत कामाची आहे. नियम ठीक आहेत, सुनावणी होते, वकिलावाचून काम भागतं. दोष दुसरीकडे आहे. यादीचा कच्चा माल बँकच पुरवते, म्हणजे ज्यांच्या खुर्च्या पणाला लागलेल्या असतात त्यांच्याच कार्यालयातून नावं येतात.

आधी बँक कोणत्या कायद्याखाली येते ते पाहा. एकाहून अधिक राज्यांत कार्यक्षेत्र असलेल्या बँकांना २००२ चा बहुराज्य सहकारी संस्था कायदा लागू होतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यांच्या निवडणुका केंद्राच्या सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे गेल्या आहेत. पुढचा सगळा आढावा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालच्या नागरी आणि जिल्हा बँकांपुरता आहे. तिथे कलम ७३ कब नुसार राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण काम पाहतं आणि २०१४ चे निवडणूक नियम चालतात. बँक यादी देते, निवडणूक अधिकारी प्रारूप यादी प्रसिद्ध करतो, हरकतींना साधारण दहा दिवस मिळतात. मग सुनावणी, निर्णय आणि अंतिम यादी. नेमक्या तारखा जाहीर कार्यक्रमात असतात. ऐकीव तारखेवर विसंबू नका.

यादी हातात आली की फक्त स्वतःचं नाव शोधून थांबू नये. वाद ठरावीक जागी होतात. पहिली जागा म्हणजे दोन वर्षांची अट. कलम २७(३अ) नुसार नोंदणीपासून दोन वर्षं व्यक्ती सभासदाला मत देता येत नाही. आता हा दिवस कोणता धरायचा? भाग (शेअर) रक्कम भरल्याची पावती एका तारखेची असते आणि सभासदत्व मंजूर करणारा संचालक मंडळाचा ठराव दुसऱ्या. निवडणुकीच्या तोंडावर शेकड्यांनी केलेले सभासद याच फटीतून आत येतात. म्हणून पावतीवर न थांबता ठरावाची तारीख मागा.

दुसरी जागा थकबाकी. कर्ज घेतलेला सभासद थकबाकीदार असेल तर कलम २७(१०) त्याचं मत काढून घेतं. इथे दोन्ही बाजूंनी खोटेपणा होतो: विरोधकाचा एखादा चुकलेला हप्ता दाखवून त्याचं नाव कापतात, आपल्या माणसाची मोठी थकबाकी झाकतात. खात्याचा तारीखवार उतारा जोडला की वाद लवकर मिटतो. याशिवाय कर्जापुरते केलेले नाममात्र सभासद (त्यांना मत नाही), किमान भाग रक्कम वाढवल्यावर परस्पर अपात्र ठरवलेले जुने सभासद, दुबार नावं आणि मयत सभासद. मयताचं नाव राहिलं तर त्याच्या नावावर दुसरा कोणी मत देऊन जाण्याचा धोका असतो. वारसानेही नोंदवहीत स्वतःचं नाव लावून घेतल्याशिवाय मतदार असल्याचं गृहीत धरू नये.

हरकत लिहिताना यादीतला अनुक्रमांक, सभासद क्रमांक, नाव जसं छापलंय तसं, नेमका आक्षेप, कलम आणि पुरावा एवढं पुरे. प्रत्येक नावाचा मुद्दा वेगळा मांडा. ‘यादीत अनेक बोगस नावं आहेत’ असा एक ओळीचा अर्ज फेटाळला जातो, आणि तो फेटाळणं योग्यच आहे. सर्वांत वजनदार कागद म्हणजे ‘आय’ नमुन्यातली सभासद नोंदवही, कारण कलम ३८ तिला प्रथमदर्शनी पुरावा मानतं. तिची प्रत कलम ३२ खाली मागता येते, पण ती द्यायला बँकेला महिनाभर मिळतो आणि हरकतीला दिवस दहा. हे गणित बसत नाही, म्हणून मागणी अर्ज कार्यक्रम जाहीर होण्याच्या दोन-तीन महिने आधीच द्यावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्याची पोहोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

जिल्हा मध्यवर्ती बँकेत खरी लढाई ठरावाची. बँकेची सभासद असलेल्या गावच्या सोसायटीचा मतदार म्हणजे तिने ठरावाने पाठवलेला प्रतिनिधी. गावात दोन गट असले की एकाच सोसायटीचे दोन ठराव जातात, एकावर अध्यक्षाची सही आणि दुसऱ्यावर सचिवाची. अशा वेळी सभेची नोटीस, ती बजावल्याच्या सह्या, गणपूर्ती आणि प्रोसिडिंग बुकातला (सभेच्या इतिवृत्ताच्या वहीतला) मूळ मजकूर यावर निकाल फिरतो, म्हणून मूळ बुक सुनावणीला हजर ठेवा. नवी सोसायटी असेल तर बँकेत भाग गुंतवून तीन वर्षं झाली का तेही तपासा.

या सोयीची मर्यादा ओळखून वापरली तर निराशा होत नाही. निवडणूक अधिकारी संक्षिप्त चौकशी करतो. सभासदत्व मुळातून रद्द करणं त्याच्या हातात नाही. ‘हा मुळात शेतकरीच नाही’ असला वाद कलम ११ खाली सहकार खात्याच्या निबंधकापुढे, आणि तोही निवडणुकीच्या बराच आधी न्यावा. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे कारणं न देता निघणारे निर्णय. ‘हरकत अमान्य’ एवढंच लिहिलेला आदेश मिळाला तर त्याच दिवशी कारणांसह प्रत लेखी मागा.

अंतिम यादी लागली की दारं झपाट्याने बंद होतात. मतदार यादी तयार करणं हा निवडणूक प्रक्रियेचाच टप्पा आहे आणि प्रक्रिया सुरू झाल्यावर उच्च न्यायालयाने सहसा हात घालू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली जनार्दन स्वामी दूध संस्थेच्या प्रकरणात सांगितलं. सुनावणी न देता घाऊक नावं कापली असतील तर उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेला जोर येतो. मत वेगळं सीलबंद ठेवून निकाल न्यायालयाच्या आदेशाच्या अधीन ठेवण्याचे अंतरिम आदेशही झालेले आहेत, पण त्या भरवशावर दहा दिवस घालवू नयेत.

निकालानंतर कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येतं. कलम ९२ नुसार मुदत निकाल जाहीर झाल्यापासून दोन महिने. तिथे यादी चुकीची होती एवढं सिद्ध करून भागत नाही, त्या चुकीने निकाल बदलला हे दाखवावं लागतं. उमेदवार ४०० मतांनी पडला आणि वादातली नावं ६० असतील तर दावा तिथेच लंगडा पडतो. आणि पहिला प्रश्न हाच येतो की प्रारूप यादी लागली तेव्हा हरकत घेतली होती का. त्याचं उत्तर त्या शिक्क्याच्या पोहोचेवर असतं.