फोरोचे राउक की म्योनचा पांढरा कडा?

स्टॉकहोम किंवा कोपनहेगनला निघालेल्यांनी बाल्टिकचे कडे पाहिल्याशिवाय परतू नये, असं मला मनापासून वाटतं. प्रश्न एवढाच, की डेन्मार्कचं म्योन निवडायचं की स्वीडनचं गॉटलंड आणि त्याच्या शेजारचं छोटं फोरो बेट. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, त्यामुळे गाडं अडतं ते दिवसांवर.

एकच दिवस हाताशी असेल तर म्योन. बेट पुलाने जोडलेलं आहे, कोपनहेगनहून गाडीने दोनेक तास लागतात. बीच वृक्षांच्या जंगलातून सुमारे 500 पायऱ्या उतरलात की 128 मीटरपर्यंत चढत गेलेला खडूचा कडा समोर येतो. हात लावला तर पांढरा होतो. पांढऱ्यात गारगोटीच्या (फ्लिंट) काळ्या रेघा दिसतात, पण वाकड्यातिकड्या, कारण हिमयुगातल्या बर्फाने हा सगळा थर रेटून दुमडला. सोबत मुलं असतील तर गोट्यांमध्ये बंदुकीच्या गोळीसारखे बेलेमनाइटचे, म्हणजे माकोळासारख्या नामशेष समुद्री प्राण्याचे, जीवाश्म शोधण्यात त्यांचा वेळ कसा जातो कळत नाही. सुटे सापडलेले घरीही नेता येतात. मात्र पावसानंतर कड्याच्या पायथ्याशी थांबू नका. जानेवारी 2007 मध्ये इथला प्रचंड भाग समुद्रात कोसळला होता.

दोन रात्री मोकळ्या असतील तर मी म्योनचा विचारही करणार नाही. स्टॉकहोमजवळच्या निनेसहाम्न बंदरातून गॉटलंडवरच्या विस्बीची फेरीबोट तीन तासांहून जास्त घेते, पुढे गाडीने फोरोसुंद, तिथून फोरो बेटावर जाणारी फेरी फुकट. लांगहामर्सला दहा मीटरपर्यंतचे राउक, म्हणजे सुटे उभे चुनखडीचे खांब, थेट गोट्यांच्या किनाऱ्यावर आहेत. सुमारे 43 कोटी वर्षांपूर्वी ही जमीन विषुववृत्ताजवळच्या उबदार समुद्राखाली होती. तिथल्या प्रवाळभित्तीचा टणक भाग टिकला, आजूबाजूचे मऊ थर लाटांनी नेले, आणि बर्फाचा भार उतरल्यावर जमीन वर येत गेली. दगडाजवळ डोळे नेले की साखळीच्या नक्षीचे प्रवाळ स्पष्ट दिसतात. राउकवर चढू नका, काही फोडून आणू नका. हे राखीव क्षेत्र आहे. जूनमध्ये फोरोवरच्याच डिगरहुवुडच्या किनाऱ्यावर रात्री जेवण आटोपून जा, सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. फोरोवर गाडी किंवा सायकल हवीच, बसच्या भरवशावर राहू नका.

फेरी नकोच असेल तर स्वीडनच्याच ओलंड बेटावरचं ब्यूरुम आहे. तिथे 1972 पासून पूल आहे, पण राउक जेमतेम चार मीटरचे. वाटेत असाल तरच थांबा.